‘गेट’च्या तीनशे बारा चिठ्ठ्या

४ मार्च, सोमवार

घरखर्चाची वही पुढून लिहिते, तिच्याच मागच्या बाजूने आजपासून हे लिहायला घेतलं आहे. यासाठी वेगळी वही आणायची गरज नाही. पुढून भाजी आणि मागून मन. दोन्ही मध्ये कुठेतरी भेटतील तेव्हा नवी आणू.

कारण असं की आज ह्यांना काम मिळालं. हे कचेरीत नकाशे सांभाळायच्या खात्यात होते. तिथे बसल्या बसल्या अकरा वर्षं टपालाने इटालियन भाषा शिकले. का शिकले ते कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. त्याचं प्रमाणपत्र बैठकीच्या खोलीत चौकटीत आहे. दर शनिवारी मी ते पुसते. ह्यांच्या इटालियनशी माझा संबंध तेवढाच. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली आणि आज एका प्रकाशकाचं पत्र आलं. इंग्रजी-इटालियन कोश काढायचा आहे, अर्थ मराठीतून समजावलेला. पण आधी परीक्षा. एक क्रियापद करून दाखवा: ‘गेट’. त्याची सगळी वळणं आणि वाक्प्रचार मिळून तीनशे बारा. इंग्रज लोक या एका क्रियापदावर अर्धा संसार चालवतात, असं हे म्हणाले. प्रत्येकाची एक चिठ्ठी करायची. वर इंग्रजी, खाली मराठी अर्थ, एक उदाहरण, आणि शेवटी इटालियन. त्या देशात बावीस वर्षं राहून आलेल्या एक बाई तपासणार. पसंत पडलं तर अख्खा कोश ह्यांचा, आणि मुखपृष्ठावर नाव.

हे सगळं त्यांनी सूनबाईला सांगितलं. टाइप तीच करणार आहे. मी भांडी लावत होते, कान काही कुणी बंद केले नव्हते.

आज मला उद्देशून बोललेली वाक्यं: सहा. चार चहाबद्दल, एक चष्म्याबद्दल, एक ‘जरा सरक’. चौतीस वर्षांची सरासरी सात आहे. तक्रार म्हणून लिहीत नाही. मोजायची सवय आहे म्हणून लिहिते.

६ मार्च, बुधवार

चिठ्ठ्या कापल्या. हे विकतची कार्डं आणा म्हणत होते. जुन्या कॅलेंडरांच्या पाठी कोऱ्या असतात, त्या कशाला टाकायच्या? देवाचं चित्र असलेले महिने मात्र बाजूला ठेवले. देवाच्या पाठीवर क्रियापद नको.

हे मोठ्याने वाचत लिहितात. आज ‘गेट द सॅक’ आला. ह्यांनी लिहिलं, पोते मिळणे.

मी विचारलं, “कसलं पोतं?”

“ते दिलेलं नाही.”

“भरलेलं का रिकामं?”

“तू मध्ये बोलू नकोस.”

मग ‘गेट कोल्ड फीट’. पाय गार पडणे. खाली तळटीप: थंड प्रदेशातील लोकांस हा त्रास विशेष. मला त्या लोकांची कीव आली. गार पाय आणि हातात पोतं. इटालियन करताना हे इंग्रजी शब्दाखाली एकेक शब्द लावत जातात, दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावावेत तसे. विद्वत्तेचं काम आहे, आपण मॅट्रिक झालेल्या माणसाने त्यात काय बोलावं.

१४ मार्च, गुरुवार

पहिल्या चाळीस चिठ्ठ्या परत आल्या. त्यातल्या छत्तीस लाल शाईने खोडलेल्या. गार पायांच्या चिठ्ठीवर बाईंनी लिहिलंय, ‘मोजे घालावेत.’ पोत्याच्या चिठ्ठीवर नुसतं प्रश्नचिन्ह आहे, पण ते चिठ्ठीएवढं.

सोबत पत्र. सूनबाईने वाचलं ते ऐकलं. “शब्द आले आहेत, माणूस आलेला नाही. हे वाक्य कोण, कुणाला, कोणत्या प्रसंगी म्हणेल ते आधी ठरवा, मग लिहा.” प्रकाशकाने खाली जोडलंय की पुढचा गठ्ठाही असाच आला तर काम दुसऱ्याला देऊ.

हे जेवले नाहीत. प्रमाणपत्रासमोर उभे राहिले होते. मी देवापुढे बसले आणि म्हटलं, ह्यांच्या पदरात एवढं पडू दे. दुसरं काही मागितलं नाही. मनात एक होतं, पण एका वेळी दोन मागण्या बऱ्या दिसत नाहीत.

१७ मार्च, रविवार

देव न मागितलेलंही देतो.

सकाळी मी भाजी निवडत होते. हे स्वयंपाकघरात आले. पाणी हवं असेल म्हणून मी उठले, तर म्हणाले, “बस.” आणि स्वतः स्टुलावर बसले. त्या स्टुलावर ते यापूर्वी दिवा बदलायला चढले होते, बसले कधीच नव्हते.

“समज,” हे म्हणाले, “एका घरात पगार कमी आहे. माणसं पाच. पण ती उपाशी राहत नाहीत. तर त्या घरातल्या बाईला विचारलं, कसं चाललंय, तर ती काय म्हणेल?”

“समजायचं कशाला? आपलंच घर होतं की. भागवते म्हणेल.”

“भागवते.”

“कसंबसं भागवून नेते, म्हणेल. हात पसरत नाही, पण हातात उरतही नाही.”

“तू ‘निकट गमन करते’ असं नाही म्हणणार?”

“कुणाच्या निकट?”

त्यांनी स्टूल जरा पुढे ओढलं. मग विचारलं, “आणि कचेरीतून कुणाला काढून टाकलं, तर?”

“नारळ दिला म्हणायचं.”

“पोतं नाही.”

“पोतं कशाला देतील हो? काढून टाकताना कोण सामान देतं?”

एकूण एकोणतीस वाक्यं. चहाबद्दल एकही नाही. मी भाजी निवडायची विसरले, देठंच शिजायला टाकली.

२२ मार्च, शुक्रवार

रोज येतात. स्टूल आता त्यांचंच झालं आहे. मी त्यावर जुन्या चादरीची गादी शिवून घातली.

आज विचारलं, कुणी चूक केली आणि पकडला गेलाच नाही, तर लोक काय म्हणतील. मी धाकट्या भाऊजींची गोष्ट सांगितली. लहानपणी त्यांनी शेजाऱ्यांची खिडकी फोडली आणि शेजाऱ्यांचाच मुलगा मार खाऊन बसला. आज भाऊजी समाजात मोठे आहेत. “पचवलं म्हणतात त्याला,” मी म्हटलं. “केलं आणि पचवलं. ढेकरसुद्धा दिला नाही.”

हे हसले. ह्यांच्या डाव्या बाजूला वर एक दात नाही हे मला आज कळलं. दंतवैद्याकडे गेले होते तेव्हा पावती बघितली होती, दात नव्हता बघितला.

एक काळजी आहे. मी बोलते ते हे छोट्या वहीत टिपून ठेवतात. वय झालं, विसरायला होत असेल. बदाम आणावेत का? महाग आहेत. आधी जप करून बघते.

२६ मार्च, मंगळवार

आजचं नीट लिहून ठेवते.

हे म्हणाले, “एखाद्याचं जवळचं माणूस गेलं. खूप दिवस झाले. आता तो पूर्वीसारखा रडत नाही. तर तो काय म्हणेल?”

चौतीस वर्षांत माझ्या ताईबद्दल त्यांनी विचारलं नव्हतं. ती गेली तेव्हा हे म्हणाले होते, “फार वाईट झालं,” आणि खरंच वाईट वाटलं होतं त्यांना, पण ते तेवढंच.

मी सांगितलं. आम्हा दोघींत साबणाची एक वडी यायची. ताई दोरा घेऊन तिचे बरोबर दोन तुकडे करायची, वजन केल्यासारखे. ती गेल्यानंतरही मी वडी दोऱ्यानेच कापते. एक अर्धी वापरते, दुसरी कपाटात राहते. ती संपतेच, पुढच्या महिन्यात मीच वापरते. पण आधी ठेवावी लागते.

“मग दुःख गेलं का?” ह्यांनी विचारलं.

“जातंय कुठे. अंगवळणी पडलं.”

मला रडू आलं. हे उठून गेले नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं, पण उठले नाहीत. वाक्यं मोजली नाहीत आज.

५ एप्रिल, शुक्रवार

दुसऱ्या गठ्ठ्यात ऐंशी चिठ्ठ्या होत्या. लाल शाई फक्त पाचांवर! बाईंनी लिहिलंय, “आता माणूस आला. कोण आहे हा?” हे दिवसभर खोल्यांमधून फिरत होते. प्रकाशकाचा फोन आला, मुखपृष्ठावरच्या नावाचं अक्षर कसं हवं ते विचारायला.

सूनबाई टाइप करता करता मला म्हणाली, “आई, गंमत आहे हो. मी चिठ्ठ्या टाइप करते तेव्हा मला तुमचाच आवाज ऐकू येतो.”

मी म्हटलं, “मी मोठ्याने बोलते का? त्रास होतो तुला?”

“तुम्हाला होत नाही ना, मग झालं,” म्हणाली आणि खटाखटा टाइप करायला लागली. तिचं बोलणं मला अर्धं कळतं. बाकीचं अर्धं मी मुलासाठी ठेवते, तो फिरतीवरून आला की त्याने समजून घ्यावं.

९ एप्रिल, मंगळवार

आजपासून एकवीस दिवसांचं मौन धरलं.

पंचवीस तारखेला तिसरा गठ्ठा द्यायचा आहे. ह्यांच्या यशासाठी काहीतरी करायला हवं होतं. आणि दुसरं असं की तीन आठवडे मला जे सुख मिळालं ते फुकट घेणं बरं नाही. देवाला परत काय द्यायचं? जे मिळालं तेच. बोलणं.

संकल्प काल रात्रीच्या जेवणाच्या वेळी सांगितला. म्हटलं, उद्यापासून एकवीस दिवस मी बोलणार नाही, तुमचं काम पार पडावं म्हणून.

ह्यांचा घास हातातच राहिला. “कुणी सांगितलं तुला?”

“मनात आलं.”

“आत्ताच कसं आलं? मे महिन्यात येऊ दे.”

“अहो, काम एप्रिलमध्ये आहे.”

“मीठ सोड,” हे म्हणाले. “गोड सोड. मौनापेक्षा मीठ सोडण्याचं पुण्य जास्त असतं.”

“कुठल्या पोथीत?”

“सगळ्या पोथ्यांत.” ह्यांनी पोथी उघडलेली मी बघितली नाही, पण एवढ्या कळकळीने बोलत होते की वाटलं, माझ्यामुळे ह्यांनाही देवाची ओढ लागली. मग म्हणाले, “मौनात लिहिलेलं चालतं ना?”

मी सांगितलं, लिहिणं म्हणजे हाताने बोलणं. ही वही तेवढी सोडून. ती कुणाशी बोलणं नाही.

सूनबाईने ताट उचललं आणि स्वयंपाकघरात जाऊन खूप वेळ नळ चालू ठेवला. पाणी वाया जातं हे तिला हजारदा सांगून झालं आहे. आत हसल्यासारखा आवाजही येत होता.

१२ एप्रिल, शुक्रवार

हे स्टुलावर येऊन बसतात. “समज,” म्हणतात, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतात. माझ्यावाचून करमत नाही बिचाऱ्यांना. आज विचारलं, “एखाद्याला ऐन लग्नाच्या दिवशी भीती वाटली आणि तो मागे फिरला तर? नुसते ओठ हलव.” मी हात जोडले. तर म्हणाले, “खुणेने सांग.” खुणेने कसं सांगणार? शेवटी ह्यांनीच उठून नवरदेव करून दाखवला. आधी ताठ उभे राहिले, मग मागे मागे सरकत दाराबाहेर गेले. मी मनात म्हटलं, कच खाल्ली म्हणायचं हो, त्यात काय एवढं नाटक. पण मौन ते मौन.

१६ एप्रिल, मंगळवार

आता सूनबाईला विचारतात. “समज, एखादा माणूस सारखा त्रास देतो, तर काय म्हणशील?”

“डोकं फिरवतो म्हणेन. किंवा कल्टी मार म्हणेन त्याला.”

“आणि संकटातून माणूस बाहेर आला, तर?”

“सीन सॉर्ट झाला.”

हे ते लिहून घेतात. सूनबाई फार गंभीर चेहरा करून सांगते. साठ चिठ्ठ्या पूर्ण करून आजच टपालात टाकल्या, मुदतीच्या नऊ दिवस आधी. मौनाचं फळ.

२० एप्रिल, शनिवार

साठच्या साठ खोडलेल्या. “माणूस कुठे गेला?” एवढंच पत्र, आणि खाली: उद्या सकाळी दहाला स्वतः येते.

मौनात काही चुकलं का माझं? परवा दूधवाल्याला ‘थांबा’ म्हटल्यासारखं तोंड झालं होतं. तेवढ्याने का?

२१ एप्रिल, रविवार

लाल शाईच्या बाई आल्या. मला वाटलं होतं उंच आणि रागीट असतील. ठेंगण्या आहेत, पायांत कापडी बूट, हातात दुसऱ्या आणि तिसऱ्या गठ्ठ्याच्या प्रती. दारातच हसून ह्यांच्याशी भडाभडा इटालियन बोलल्या. कानाला फार गोड लागलं, भरल्या डब्यात चमचे हलवावेत तसं.

ह्यांनी कानावर हात ठेवला. “उजवा कान बसलाय हो. कालपासून.”

बाई डावीकडे जाऊन पुन्हा बोलल्या.

“डावाही,” हे म्हणाले.

सकाळीच तर तीन मजले खालून कचरेवाल्याची हाक त्यांना ऐकू आली होती. वयाचं काही सांगता येत नाही. मी पाणी आणून ठेवलं.

मग बाई मराठीत मोठ्याने बोलल्या. “सर, भांडायला आले नाही. शिकायला आले आहे. हा दुसरा गठ्ठा ज्याने लिहिला तोच तिसरा लिहील हे मी मरेपर्यंत मानणार नाही. ही सत्त्याण्णव नंबरची चिठ्ठी घ्या. ‘गेट ओव्हर’. अर्थ: दुःख अंगवळणी पडणे. तिकडचे लोक म्हणतात, फार्सेने उना राजोने. दुःख पुसलं असं नाही, आपली आपण समजूत घातली, असं. बावीस वर्षांत मला त्याला मराठी सापडलं नव्हतं. आणि हे उदाहरण. ‘बहीण गेल्यावर साबणाची अर्धी वडी कपाटात राहते. ती आधी ठेवावी लागते, मग वापरता येते.’ सर, ही अर्धी वडी तुम्हाला कुठून सुचली?”

मी ट्रे धरून उभी होते.

“निरीक्षण,” हे म्हणाले. आता कान बरा झाला होता.

“कुणाचं?”

“साधारण. समाजाचं.”

सूनबाई टेबलाशी टाइप करत होती. मान वर न करता म्हणाली, “बाई, ज्यांचं वाक्य आहे त्यांचं मौन आहे. एकोणतीस तारखेला सुटेल.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग ट्रेकडे, मग परत माझ्याकडे. उठल्या आणि माझ्या हातातला ट्रे घेऊन खाली ठेवला. “वहिनी,” म्हणाल्या, “त्या बहिणीचं नाव काय होतं?” आणि लगेच स्वतःच म्हणाल्या, “नको, मौन मोडू नका. मी थांबते.”

ह्यांनी खिडकीतून बाहेर बघायला सुरुवात केली. बाहेर बघण्यासारखं काही नाही. समोरच्या इमारतीची भिंत आहे.

२२ एप्रिल, सोमवार

सूनबाईकडून चिठ्ठ्यांची यादी मागून घेतली, खुणेने. ही वही शेजारी ठेवली आणि हिशेब जुळवला.

१७ मार्च, भागवून नेते: चिठ्ठी क्रमांक त्रेचाळीस, ‘गेट बाय’. नारळ, पोत्याच्या जागी नव्याने: एकेचाळीस. २२ मार्च, पचवलं: अठ्ठावन्न. २६ मार्च, ताई: सत्त्याण्णव.

एकही वाक्य हिशेबाबाहेर नाही. इतका चोख ताळा माझ्या घरखर्चाचाही कधी जमला नाही.

मला वाटलं होतं, माझ्याशी बोलतात.

२७ एप्रिल, शनिवार

मौन चालू. देवाशी केलेला करार आहे, त्यात देवाचा काय दोष. पण आता ते मौन आहे का राग, हे ह्यांना कळत नाही. मलाही नीटसं कळत नाही. स्टुलावरची गादी उसवून चादरीचं पोतेरं केलं. प्रमाणपत्र पुसलं नाही.

कानात मात्र रोज दोन वेळा औषध घालते. दुखणं आहे म्हणतात तर उपचार करायला हवेत. औषध फार झोंबतं म्हणे. मी मान हलवते आणि दुसऱ्या कानाकडे वळते.

३० एप्रिल, मंगळवार

काल मौन सुटलं. पहिलं वाक्य देवाशी बोलले, ते इथे लिहायचं कारण नाही.

दुसरं आज. बाईंचं पत्र आलं होतं, ह्या वेळी पाकिटावर माझ्या नात्याने: ‘सरांच्या मिसेस यांस’. पत्रात लिहिलंय, “प्रकाशकांशी बोलले. पसंत पडलेल्या एकोणऐंशी सोडून उरलेल्या दोनशे तेहतीस चिठ्ठ्या तुम्ही सांगायच्या, सरांनी लिहायच्या, इटालियन मी बघेन. मुदत डिसेंबरअखेर. तुम्ही नाही म्हणालात तर काम दुसऱ्याला जाईल. मुखपृष्ठावर दोन नावं.”

हे समोर उभे होते. एवढं बारीक झालेलं मी त्यांना निवृत्तीच्या दिवशीही बघितलं नव्हतं. “प्रस्तावनेत तुझे आभार मानणारच होतो,” म्हणाले.

“कशाबद्दल?”

“शांततेबद्दल. म्हणजे घरातल्या.”

सूनबाईचं टाइप करणं थांबलं.

“नाव मुखपृष्ठावरच राहू दे,” मी म्हटलं.

“दोन नावं फार गर्दी करतील. तुझं आत, लहान अक्षरात...”

“लहान करून कितीशी शाई वाचणार? वाचवायचं काम माझ्यावर सोडा.”

ह्यांनी मान खाली घातली. बरं म्हणाले. मग हळूच, “म्हणजे तू करशील?”

मला तेव्हा खरं तर नाही म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. काम दुसऱ्याला गेलं असतं, प्रमाणपत्र भिंतीवर राहिलं असतं, आणि हे परत सहा-सात वाक्यांवर गेले असते. नुकसान दोघांचं. मी उधळेपणा कधी केला नाही, तो आता रागापायी कशाला करू?

“करीन,” मी म्हटलं. “रोज एक चिठ्ठी. पण आधी तुम्ही मला एक गोष्ट सांगायची. कुठल्याच चिठ्ठीवर नसलेली. ती ऐकली की मग मी सांगेन.”

“कसली गोष्ट?”

“तुमची.”

“माझी कसली गोष्ट असणार?”

“मला काय ठाऊक. चौतीस वर्षं मी ‘सरक जरा’ ऐकते आहे.”

२ मे, गुरुवार

पहिली बैठक. हे स्टुलावर बसले. गादी नाही हे त्यांच्या लक्षात आलं, बोलले नाहीत. घसा साफ केला. छताकडे बघितलं. सूनबाईला बाजारात पाठवून मी दार लोटून घेतलं होतं.

“काल पेपरात आलंय,” हे म्हणाले, “की पुलाचं काम...”

“मी वाचला पेपर. रद्दीत घालायच्या आधी मी सगळा वाचते.”

“उकडतंय.”

“मलाही उकडतंय. ती गोष्ट नाही.”

मग त्यांनी साहेबाने नकाशा उलटा धरल्याची गोष्ट सुरू केली. ती मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ऐकली आणि मग प्रत्येक पाहुण्यासोबत ऐकली. हात वर करून थांबवलं. “शिळं चालणार नाही.”

ह्यांना नवी आठवेपर्यंत मी भाजी निवडून चिरूनही टाकली. हे दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, मुलाखतीला बसावं तसे. एकदा उठायला लागले, पण चिठ्ठी माझ्या पदराखाली होती, परत बसले.

“मला त्या बाईंची भीती वाटते,” हे म्हणाले.

मी सुरी ठेवली.

“कान चांगला आहे माझा,” जमिनीकडे बघत म्हणाले. “त्या बोलतात ते एक अक्षर कळत नाही. कागदावर असलं की कळतं. माणसाच्या तोंडून ऐकलं की सगळं एकमेकांत चिकटून येतं. आजवर कुणी बोललंच नव्हतं ना माझ्याशी इटालियनमध्ये. टपालाने शिकलो.”

मी औषधाची बाटली कपाटात आत सरकवून ठेवली. हसू आलं होतं, पण ते पोटातच ठेवलं. ते बाहेर काढायला सगळा मे महिना पडला आहे.

ह्यांनी हात पुढे केला. “दे आता. चिठ्ठी.”

“एवढ्यावर?”

“सांगितलं की. भीती वाटते म्हणून सांगितलं.”

“भीती वाटते, हे कळलं. ज्या भाषेत बोलायला कुणीच नव्हतं ती अकरा वर्षं एकटे बसून कशासाठी शिकत होतात, ते कुठे सांगितलंत?”

ह्यांनी हात मागे घेतला. म्हणाले, “ते लांबेल.”

मी भाजीची दुसरी जुडी पुढ्यात ओढली. “लांबू दे. चिठ्ठ्या दोनशे तेहतीस आहेत.”